तीन बोटं वाढलेली चौकट

तमाम नगरकरांना, आणि नगरबाहेरच्या ज्यांना ज्यांना हाडं आहेत अशा सर्वांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की सावेडीतल्या एका दवाखान्याच्या दाराची सागवानी चौकट वीसेक वर्षांत तीन बोटं उंच झाली. लाकूड तोडल्यावर वाढत नाही असं शाळेत शिकवतात. ते चुकीचं असावं. कारण ही घटना एका एम.डी. झालेल्या बाईंनी भर सकाळी, भरलेल्या दवाखान्यात, खणखणीत आवाजात जाहीर केलेली आहे. मी त्या वेळी हातात पट्टी आणि पेन्सिल घेऊन स्टुलावर उभी होते, त्यामुळे माझ्याइतकी जवळची साक्षीदार दुसरी कुणी नाही.

तेव्हा आमचं शहर कागदोपत्री अहमदनगर होतं, आता अहिल्यानगर आहे. रिक्षावाले तेव्हा नगर म्हणत, आताही नगरच म्हणतात.

त्या बाईंना सगळे मॅडम म्हणायचे. खेड्यापाड्यातल्या बायका डाक्टरीनबाई म्हणायच्या. मी त्यांच्याकडे अकरा वर्षं होते. दारावरच्या पाटीवर ‘रिसेप्शनिस्ट पाहिजे’ असं होतं म्हणून मी चांगली साडी नेसून गेले, तर त्यांनी माझ्यापुढे एक जाडजूड रजिस्टर आपटलं आणि म्हणाल्या, “आजपासून तू चित्रगुप्त. येईल त्या बाईचं सगळं लिहायचं. पाप आणि पुण्य सोडून. ते मला नको.”

मॅडमना हवी होती ती हाडं. तीही सरसकट सगळ्यांची नाहीत. पाळी गेलेल्या बायकांची. पाळी गेली की हाडं आतून विरत जातात, दुखत नाहीत, कुरकुरत नाहीत, आणि एक दिवस बाई मोरीत घसरते ती खुब्याचं हाड मोडूनच उठते, किंवा उठतच नाही, हे त्या इतक्या रंगवून सांगायच्या की टपाल द्यायला आलेला पोस्टमनसुद्धा स्वतःचा खुबा चाचपत बाहेर पडायचा. “मोडल्यावर सगळेच डॉक्टर हुशार होतात,” असं त्यांचं म्हणणं. “कोण मोडणार ते आधी सांगता आलं पाहिजे.”

हे खूळ त्यांना कुठून लागलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही पाठ फिरवून, हात धुताना. त्यांची आई घरातल्या घरात, सपाट फरशीवर पडली आणि नऊ महिने दवाखान्याच्या वरच्याच खोलीत पडून राहून गेली. “मी रोज तिची कूस बदलायचे,” त्या म्हणाल्या, “तेव्हा मी डॉक्टर होऊन वीस वर्षं झाली होती, आणि एकदाही तिच्या हाडांचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.” मग नळ बंद केला आणि ओरडल्या, “पुढची पाठव!”

पुढची आली की आधी माझ्यासमोर बसायची. माझ्याकडे पिवळे फॉर्म असायचे. वय, वजन, पाळी कधी गेली, आधी कधी हाड मोडलं का, आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला का, दमा-संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या का, बिडी-सिगरेट, दारू. वाचायला सोपं वाटतं. भरून बघा.

“वय?”

“लिवा तुमच्या मनानं.”

“बिडी ओढता का?”

यावर निम्म्या बायका उठून चालू लागायच्या. मग मी मॅडमनी शिकवलेला दुसरा प्रश्न विचारायची, “दात कशानं घासता?” आणि बाई अगदी निरागसपणे कमरेची डबी काढून सांगायची, “मिसरीनं. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, आन् डोकं दुखलं की.” छापलेल्या फॉर्मात मिसरीला जागाच नव्हती. मॅडम ती समासात लिहायला लावायच्या आणि तिच्याभोवती गोल करायच्या. त्या गोलाचं पुढे काय करायचं ते मला अकरा वर्षांत कळलं नाही. मला वाटतं त्यांनाही नसावं.

सगळ्यात घोळ व्हायचा तो आईच्या खुब्यापाशी.

“आईचं हाड मोडलं होतं का?”

“न्हाई बा.”

“पडली होती का कधी?”

“पडली हुती की. उंबऱ्यात. मंग उठलीच न्हाई. सा म्हैन्यांनी गेली.”

“मग मोडलंच असेल.”

“मोडलं न्हाई वो, कंबरंतलं वारं गेलं हुतं.”

असा फॉर्म आत गेला की मॅडमची एक विचित्र सवय होती. त्या कागदाचा वरचा पट्टा, नावाचा, मागे दुमडायच्या आणि मगच वाचायला लागायच्या. “नाव वाचलं की चेहरा दिसतो,” म्हणायच्या, “चेहरा दिसला की आपण म्हणतो, छे, ही कशाला मोडेल, चांगली धडधाकट हसतेय. माझ्या आईचं हसू फार छान होतं.” म्हणून नाव दुमडलेलं. बाई समोर बसलेली असली तरी मॅडम बोलायच्या कागदाशीच. ही दुमडायची सवय तेवढी ध्यानात ठेवा, तिचा मी पुढे गैरफायदा घेतलेला आहे.

मग चौकट. बाहेरची बसायची जागा आणि आतली तपासायची खोली यांच्यामधली. बाईनं चपला काढून चौकटीला पाठ लावून उभं राहायचं. टाचा टेकल्या, पाठ टेकली, आता डोक्याची मागची बाजू टेकते का बघायचं. टेकली नाही तर मध्ये किती बोटं जातात ते मी मोजायची. मग डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीची रेघ, रेघेशेजारी नंबर. सहा महिन्यांनी रेघ खाली आली की समजायचं, मणका आत दबतोय. चौकट सगळी रेघांनी भरली होती. रंगारी आला की मॅडम स्वतः तिच्यासमोर उभ्या राहून तिला वाचवायच्या. प्रत्येक बाईला त्या सांगायच्या की घरच्या चौकटीवरही खूण करा. शिंगणापूरच्या एक काकू विचारात पडल्या. म्हणाल्या, “आमच्याकडं नुसती चौकट हाय, दार न्हाई. चालंल का?”

चौकटीवरची सगळ्यात पहिली रेघ मात्र कुठल्याच पेशंटची नव्हती. दवाखाना बांधला तेव्हा फळीच्या मापासाठी सुतारानं मॅडमनाच उभं करून त्यांच्या डोक्याशी मारलेली ती रेघ. त्यांचा हात टाचा न उचलता जिथवर पोचेल तिथे त्यांना रजिस्टरांची फळी हवी होती. फळी बरोबर तिथे बसवली. ही गोष्ट मला खुद्द मॅडमनीच कौतुकानं सांगितली होती, आणि सांगताना त्या स्टुलावर चढून रजिस्टर काढत होत्या.

मला त्यात काही खटकलं नाही. तुम्हाला खटकलं असेल. तुम्ही हुशार आहात.

आता एक अडचण अशी की नवी बाई येते तेव्हा तिची तरुणपणची उंची कुणाला माहीत असणार? खुद्द बाईलाही नसते. त्यावर मॅडमनी शोध लावला, लग्नाच्या फोटोचा. नवरा-बायकोनं फोटो घेऊन यायचं, दोघांनी शेजारी उभं राहायचं, फोटोत बायको नवऱ्याच्या कानापर्यंत असेल आणि आता खांद्यापर्यंत, तर हिशोब लागला! मला हा शोध इतका आवडला की मी पंधरा दिवस घरी सगळ्यांना तोच सांगत होते. मग पाथर्डीकडच्या एक मावशी आल्या.

या मावशींची ओळख नीट करून देते, कारण शेवटचा शब्द त्यांचा आहे. तीस-पस्तीस हंगाम त्यांनी ऊस तोडला होता आणि डोक्यावरून मोळ्या वाहिल्या होत्या. आता मुलगा त्यांना पाठवत नव्हता. मावशींचा राग कारखान्यावर नव्हता, मुलावर नव्हता, चौकटीवर होता, कारण चौकटीनं सांगितलं होतं की मोळी उचलू नका. तरी गोळ्या मात्र नेमानं घ्यायच्या आणि दर खेपेला एसटीनं येताना मॅडमना बाजरी आणायच्या.

तर मावशी पहिल्यांदा आल्या त्या नवऱ्याला आणि फोटोला घेऊन. फोटोत त्या नवऱ्याच्या भुवईला लागत होत्या. समोर पाहिलं तर जेमतेम खांद्यापाशी. मॅडमनी डोळे विस्फारले. वीतभर उंची गेली! त्यांनी मला ताबडतोब लाल पेन आणायला सांगितलं.

“आवं, थांबा की,” मावशी म्हणाल्या, “फोटूत म्या पाटावर उभी हाय. लई बुटकी दिसते म्हनून सासऱ्यानं पाटाखाली दोन इटा ठिवल्या हुत्या.”

मॅडम विटांची उंची वजा करायला लागल्या. तेवढ्यात काका खाकरून म्हणाले, “आन् म्या भावाचे बूट घातलेते. टाचंचे.”

त्यात काका स्वतःही वयानं थोडे वाकलेले. म्हणजे एक जण विटांवर, एक जण टाचांवर, दोघंही खाली येताहेत आणि मधून आम्ही उंची काढतोय. अर्धा तास वजाबाकी चालली. शेवटी मॅडमच्या आकडेमोडीप्रमाणे मावशींची उंची लग्नानंतर दोन बोटं वाढली होती. त्यांनी कागद चुरगाळला आणि फोटोची पद्धत त्याच दिवशी बंद झाली. पण डोकं मात्र मावशींचं चौकटीला चार बोटं टेकत नव्हतं, हे खरंच होतं. पुढे मशीनवर केलेल्या तपासणीत हाडंही विरलेलीच निघाली. म्हणजे पद्धत चुकली आणि निदान बरोबर आलं. मी तेव्हापासून गोंधळलेली आहे, ती आजतागायत.

गोंधळाचा कळस शेंगांचा. टेबलावर एका परातीत मोजून शंभर भुईमुगाच्या शेंगा असायच्या. मॅडम सांगायच्या, “समजा, तुमच्यासारख्याच शंभर बायका आहेत. तेच वय, तेच वजन, तेच सगळं. पुढच्या दहा वर्षांत त्यातल्या इतक्यांचं हाड मोडेल.” आणि तितक्या शेंगा बाजूला काढायच्या. “वरून सगळ्या सारख्या दिसतात. काही आतून पोचट आहेत.”

बायका मन लावून ऐकायच्या आणि मग परातीकडे बोट दाखवून विचारायच्या, “ह्यातली माजी कुटली?”

मावशींनी तर हद्द केली. शेंग उचलून कानाशी हलवली, फोडली, दाणे खाल्ले, दुसरी घेतली.

“मावशी, तसं नसतं,” मॅडम म्हणाल्या.

“मंग कसं असतं? म्या मोडनार का न्हाई, येवडं सांगा.”

“ते नाही सांगता येत.”

“मंग मोजता कशाला?”

मॅडमनी परात जवळ ओढली. मग त्याही एक शेंग फोडून खाऊ लागल्या. मावशींनी त्यांना दाणे सोलून दिले. मी फॉर्मवर काय लिहावं ते न कळून ‘समजावून सांगितले’ असं लिहिलं.

खरं सांगायचं तर मॅडमचा आकड्यांपेक्षा घसरण्यावर जास्त भर असायचा. “मशीन हाड बघतं, पडणं बघत नाही,” म्हणायच्या. मोरीत शेवाळ आहे का, शेळीचं दावं वाटेत येतं का, चष्मा शेवटचा कधी बदलला. एकदा आम्ही काष्टीच्या बाजारात होतो. पुढे एक वाकलेल्या पाठीची आजी चालली होती आणि मॅडम अख्खा बाजार तिच्या मागे मागे. आजी कांद्यापाशी थांबली की मॅडम कांद्यापाशी. शेवटी आजीनं पिशवी छातीशी धरली आणि वळून उभी राहिली. “काय गं बये, कवाधरनं बगतीय, माज्या मागं का लागलीस?”

“आजी, तुमची उंची कमी होतेय.”

“तुजी अक्कल कमी व्हतीय!” आजी म्हणाली, आणि तरातरा निघून गेली. मॅडम कौतुकानं बघत राहिल्या. “चाल चांगली आहे,” म्हणाल्या.

आता मूळ मुद्द्यावर येते.

एका दुपारी मॅडमनी स्टूल ओढलं, चढल्या, रजिस्टर काढलं, आणि उतरताना त्यांचा पाय डळमळला. पडल्या नाहीत. फळीला धरलं. पण मी समोर बसून कुणाचा तरी फॉर्म भरत होते आणि माझं पेन एका रकान्यावर थांबलं होतं. आईचा खुबा मोडला होता का? मी फळीकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, चौकटीवरच्या पहिल्या रेघेकडे पाहिलं. इतक्या बायकांचे फॉर्म भरले, आणि हा एक समोर हिंडत होता तो भरलाच नव्हता.

सरळ सांगून उपयोग नव्हता. तीन वर्षांपूर्वी त्यांचं मनगट मोडलं तेव्हा मी म्हटलं होतं, “मॅडम, तुम्हीही एकदा तपासून घ्या ना.” त्यावर “चित्रगुप्तानं यमाचं रजिस्टर उघडायचं नसतं,” असं म्हणून त्यांनी मला चहा आणायला पिटाळलं होतं.

म्हणून मी पिवळा कागद घेतला आणि त्यांच्याच तोंडून वेळोवेळी ऐकलेली उत्तरं त्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात भरली. वर त्यांचं नाव लिहिलं. तो पट्टा आधीच नीट दुमडून टाकला, आणि कागद बाकीच्या फॉर्मांमध्ये सरकवला. नंबर एकतीस.

मॅडम वाचायला लागल्या. मी दाराशी उभी.

“वय बासष्ट. वजन चव्वेचाळीस. काडी आहे नुसती. पाळी एक्केचाळिसाव्या वर्षी गेली? फार लवकर. आईचा खुबा...” इथे त्या थांबल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या मान हलवून म्हणाल्या, “बघ, आईकडून येतं हे. मी सांगते तर कुणी ऐकत नाही. दम्यासाठी स्टेरॉइड, कित्येक वर्षं. मनगट मोडलेलं. कारण, केळीच्या सालावरून घसरले.” त्यांनी कागद टेबलावर आपटला. “सगळ्या असंच म्हणतात! जिथं तिथं केळीचं साल! औषध काय चालू आहे?”

“काहीच नाही.”

“तपासणी?”

“कधीच नाही, मॅडम. वेळ नाही म्हणतात.”

“वेळ नाही? राहते कुठं?”

“सावेडीतच.”

“कोणाबरोबर?”

“एकट्याच.”

“स्टुलावर-बिलावर चढते का?”

मी फळीकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न केला. “रोज. दोन-तीनदा.”

“मूर्ख बाई आहे.”

मी मान डोलावली. तोवर इतक्या मनापासून कधी डोलावली नव्हती.

“शिकलेली आहे का?”

“खूप.”

“तरीच. उद्या अकराला बोलाव. नाही आली तर मी घरी जाऊन धरून आणेन.”

दुसऱ्या दिवशी अकराला बाहेरचे दोन्ही बाक भरले होते. मावशीही बाजरी घेऊन आल्या होत्या. नोकरी जाणार हे मी धरून चालले होते.

“एकतीस नंबर आली का?” आतून आवाज आला.

“आल्यात, मॅडम.”

“मग आत पाठव.”

“आतच आहेत.”

मॅडमनी पडद्यामागे पाहिलं. टेबलामागे पाहिलं. मग चौकटीत येऊन उभ्या राहिल्या आणि बाहेर ओरडल्या, “एकतीस नंबर कोण?”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक उठून म्हणाली, “मी तेवीस हाय. चालंल का?”

मी तो कागद पुढे केला. मॅडमनी घेतला आणि दुमडलेला पट्टा उलगडला.

“हे माझं अक्षर नाही,” त्या म्हणाल्या.

“अक्षर माझं आहे. उत्तरं तुमची आहेत.”

मला वाटलं आता रजिस्टर माझ्या डोक्यात बसणार. तर त्यांनी वाकून चपला काढल्या. चौकटीला पाठ लावली. टाचा टेकल्या. पाठ टेकली. डोकं टेकेना. मी बोटं घालून पाहिली आणि किती गेली ते बोलले नाही. फळीखालचं स्टूल ओढून वर चढले, पट्टी धरली, रेघ मारली. पहिली रेघ वर होती.

“किती?” त्यांनी विचारलं. हा आवाज मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता. रोज ऐकायची, पण पेशंटच्या तोंडून.

“तीन बोटं.”

“तुझी बोटं जाड आहेत.” त्यांनी वळून स्वतःची बोटं ठेवली. त्यांच्या बारीक बोटांनी ती साडेतीन भरली.

पुढचं आधीच सांगून टाकते. माझी नोकरी गेली नाही. त्याच आठवड्यात लग्नाला जाते असं सांगून मॅडम पुण्याला गेल्या आणि हाडं तपासून आल्या. लग्न कुणाचं होतं ते विचारायचं नाही हे मला कळत होतं. वर्षाला एक इंजेक्शन सुरू झालं, सुतार येऊन फळी चार बोटं खाली उतरवून गेला, स्टूल मी माझ्या घरी आणलं. ते अजून माझ्याकडे आहे, त्यावर कुंडी ठेवते. मॅडम आता दवाखाना बंद करून भाचीकडे असतात आणि फोनवर मला माझी पाळी गेली का ते विचारतात. अजूनपर्यंत काही मोडलेलं नाही. मोडणारच नव्हतं, की औषधानं वाचलं, ते मला विचारू नका. शेंग फोडल्याशिवाय कळत नाही आणि आम्हाला ती फोडायची नाही.

पण हे सगळं नंतर. त्या क्षणी मॅडम दोन रेघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. मग त्यांनी मान ताठ केली. पार बाकाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, “चौकट वाढलीय!”

कुणी हसलं नाही. मॅडमचे डोळे भरले होते हे सगळ्यांना दिसत होतं. मी स्टुलावरून उतरावं की तिथेच राहावं या विचारात होते. तेवढ्यात मावशींनी बाजरीची पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं:

“आवं डाक्टरीनबाई, चौकट वाढत हुती तर मंग इतकी वर्सं गोळ्या आमाला का चारल्या? चौकटीलाच चारायच्या की!”